खरखरणारा जुना साऊंड मिक्सर: भंगारात द्यायचा की उघडायचा?

साऊंडवाले हल्ली डिजिटल मिक्सरकडे वळलेत. त्यामुळे सोळा-चोवीस चॅनेलचे जुने ॲनालॉग मिक्सर अगदी कमी पैशात मिळतात. आपल्या कोकणातली भजनी मंडळं, नमनवाले, देवस्थानच्या कमिट्या ते आनंदाने घेतात. घेताना हिवाळ्यात वाजवून बघितलेला असतो, आवाज स्वच्छ येतो. मग आषाढ-श्रावण जातो आणि ऐन गणपतीत, डबलबारीच्या म्हणजे दोन बुवांच्या भजन-सामन्याच्या दिवशी, तोच मिक्सर त्रास द्यायला लागतो. बटण फिरवलं की खरखर, एखादा चॅनेल एकदम गप्प, आणि सगळ्याच्या मागे न थांबणारी गुणगुण. ‘मिक्सर गेला’ असं कुणीतरी ठरवतं आणि तो माळ्यावर जातो.

असे बहुतेक मिक्सर गेलेले नसतात. आवाज वाढवणारं आतलं सर्किट पुष्कळदा शाबूत असतं. बिघाड सहसा दोनच ठिकाणी असतो: जिथे धातूवर धातू नुसता टेकलेला असतो तिथे, किंवा वीजपुरवठ्यात. दोन्ही दुरुस्त होण्यासारखे आहेत, फक्त कुठून सुरुवात करायची ते कळायला हवं.

मिक्सर आत नेमकं करतो काय?

पावसात डोंगरावरून पऱ्हे उतरतात आणि खाली एकाच नदीला मिळतात, तसं मिक्सरचं काम चालतं. प्रत्येक माईक हा एक पऱ्ह्या. तो आपल्या वाटेने खाली येतो, त्या वाटेला चॅनेल म्हणायचं. सगळे चॅनेल शेवटी एका सामाईक तारेवर एकत्र येतात आणि तिथून आवाज ॲम्प्लिफायरकडे जातो.

माईकमधून निघणारी वीज फारच क्षीण, साधारण काही मिलिव्होल्ट. ॲम्प्लिफायरला लागतो सुमारे एक व्होल्ट. म्हणून चॅनेलच्या सुरुवातीलाच तिला मोठं करतात, ते काम वरचं गेनचं बटण करतं. गेन पूर्ण उघडला, तर बऱ्याच मिक्सरमध्ये व्होल्टेज हजारपट किंवा त्याहूनही जास्त वाढतं. पुढे बास-ट्रेबलची बटणं, मग एको किंवा मॉनिटरकडे (गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरकडे) थोडा आवाज काढून देणारी बटणं, आणि सगळ्यात खाली वरखाली सरकणारी पट्टी, म्हणजे फेडर.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की सोळा चॅनेलच्या मिक्सरमध्ये हीच वाट बहुधा सोळा वेळा जशीच्या तशी बनवलेली असते. एक चॅनेल बिघडला तरी शेजारचा चालू असतो, आणि तोच तुमचा नकाशा. चालू चॅनेलवर एका जागी मीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर, लावा, बिघडलेल्या चॅनेलवर त्याच जागी लावा, आणि फरक कुठे पडतो ते शोधत वर वर जा. पऱ्ह्याचं पाणी कुठे अडलं ते बघायला आपण उगमाकडे चालत जातो ना, तसंच. सर्किटचा छापील नकाशा हाताशी नसेल, तरी बराच पल्ला गाठता येतो. इतकी सोय फार थोड्या यंत्रांत असते.

हिवाळ्यात चालणारा मिक्सर गणपतीतच का खरखरतो?

याचं उत्तर मिठात आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. देवगड, मालवण, गुहागर, हर्णै अशा किनाऱ्यालगतच्या गावांत ते घरात शिरतात आणि धुळीबरोबर मिक्सरच्या फटींतून आत जाऊन बसतात. मीठ कोरडं असेपर्यंत फारसं काही होत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वर असणं ही रोजचीच गोष्ट. मग धुळीच्या जागी एक ओलसर, खारट थर तयार होतो. तो थोडी वीजही वाहून नेतो आणि धातूला खातोही. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की थर सुकतो आणि मिक्सर पुन्हा बरा वाटतो. मिक्सर विकायला बहुतेक वेळा त्याच दिवसांत निघतात, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

डाग दिलेला म्हणजे सोल्डर केलेला जोड अशा हवेत बऱ्यापैकी टिकतो. हाल होतात ते नुसत्या दाबावर टेकलेल्या जागांचे. पिन खुपसायचे जॅक, फिरणारी बटणं, सरकणारे फेडर आणि आतल्या सर्किटच्या पट्ट्यांना जोडणाऱ्या चपट्या रिबन केबलची टोकं या त्या जागा.

आत आणखीही काही सापडतं. पाली, झुरळं तर असतातच, पण रिकाम्या जॅकच्या भोकात कुंभारमाशी मातीचं घर करून ठेवते. तिथे पिन जोरात दाबली तर माती आत ठासली जाते आणि जॅकची पाती वाकते. आधी टॉर्च मारून बघावं आणि माती बारीक काडीने कोरून काढावी.

उघडायचा म्हणजे शॉक बसणार नाही का?

बसू शकतो, म्हणून हा भाग आधी. चॅनेलच्या पट्ट्यांवर साधारण पंधरा ते अठरा व्होल्ट असतात आणि कंडेन्सर माईकसाठी ४८ व्होल्टची एक वेगळी तार असते. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, प्लगच्या बाजूला, मात्र थेट २३० व्होल्ट असतात. तिथे हात घालायचं काम विजेचं काम जाणणाऱ्यानेच करावं. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, म्हणून थोडं थांबून मीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री करूनच पुढे जावं. कपॅसिटर म्हणजे वीज साठवून गरजेप्रमाणे सोडणारा भाग, आतला तो लहानमोठा डबा.

बरीच वर्षं बंद असलेला मिक्सर थेट प्लगला लावू नये. वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो, म्हणजे १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब मधे घालून दिलेली लाईन. त्यावर मिक्सर लावला की बल्ब क्षणभर पेटून मंद झाला पाहिजे. बल्ब लख्ख पेटूनच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि बल्बने मिक्सर वाचवला असं समजायचं. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

गुणगुण मिक्सरची की वायरिंगची?

मिक्सरला लावलेल्या सगळ्या केबल काढा. फक्त हेडफोन लावा. गुणगुण गेली, तर दोष मिक्सरच्या बाहेर आहे. राहिली, तर आत.

कान तयार असलेल्या माणसाला आणखी एक खूण सांगतो. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा आंदोलन करते. वायरिंगमधून शिरणारी गुणगुण बऱ्याचदा याच ५० हर्ट्झवर असते. मिक्सरच्या वीजपुरवठ्यात मात्र या आंदोलनाचा खालचा अर्धा भाग उलटा करून वर घेतला जातो, त्यामुळे तिथल्या दोषाची गुणगुण १०० हर्ट्झची असते. दोन्ही स्वर खर्जातल्या पांढरी पाचच्या जवळ येतात, फक्त एकमेकांपासून एका सप्तकाच्या अंतरावर. पेटीवाल्याला हे चटकन कळतं. प्रत्यक्षात दोन्ही प्रकार मिसळलेलेही असू शकतात, म्हणून हेडफोनची परीक्षा पहिली.

आतली गुणगुण असेल तर वीजपुरवठ्याकडे बघायचं. तिथे प्लस आणि मायनस असे दोन व्होल्टेज तयार होतात, आणि दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. प्लस पंधरा आणि मायनस अकरा दिसलं, तर कारण बहुधा तिथेच आहे. आकडे बरोबर असतील तर मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून तीच तार पुन्हा मोजा. काही मिलिव्होल्ट ठीक, शेकड्यात गेलं तर वीज गुळगुळीत करणारे मोठे कपॅसिटर थकले आहेत. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या तीन पायांच्या भागांचे डागही बघा. ते रोज तापतात आणि थंड होतात, त्यामुळे पायाभोवती बारीक गोल चीर पडते. पुन्हा डाग दिला की काम होतं.

बाहेरची गुणगुण घालवायला काही जण मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. गुणगुण जातेही. पण कृपा करून हे कुणी करू नका. माईकचं धातूचं आवरण केबलमधून मिक्सरच्या पेटीला जोडलेलं असतं. अर्थिंग तोडलेली आणि ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन खराब झालं, तर २३० व्होल्ट थेट बुवांच्या हातात येतात, तेही ओल्या मांडवात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या. त्याऐवजी मिक्सर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवा, माईकला तीन पिनांची केबल वापरा. मोबाईल किंवा लॅपटॉप लावल्यावरच गुणगुण येत असेल, तर मधे ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स घाला, म्हणजे आवाज पुढे देणारी पण तारांचा थेट जोड तोडणारी डबी.

चॅनेल गप्प म्हणजे आयसी गेला ना?

आयसीवर, म्हणजे आतल्या चिपवर, शेवटी या. आधी चॅनेलच्या मागचा ‘इन्सर्ट’ लिहिलेला जॅक बघा. बाहेरचं उपकरण चॅनेलच्या मधोमध जोडायची ती सोय आहे. भजनाला, नमनाला तो कुणी वापरत नाही. पण गंमत अशी आहे की त्यात काही लावलेलं नसतानाही चॅनेलचा सगळा आवाज त्या जॅकच्या आतल्या दोन पात्यांमधूनच पुढे जातो. पिन घातली की पात्या सुटतात, काढली की टेकतात. वर्षानुवर्षं कुणी पिन घातली नाही, तर पात्यांवर काळपट थर चढतो आणि पाणी तिथेच अडतं.

परीक्षा सोपी आहे. आवाज बंद ठेवून त्या जॅकमध्ये पिन आठ-दहा वेळा घालून काढा. मेलेला म्हणून सोडून दिलेला चॅनेल एवढ्यानेच बोलायला लागला, असं कितीतरी वेळा होतं. थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर पिनेला लावून हेच केलं तर परिणाम टिकतो.

एक सोडून चार-आठ चॅनेल एकदम गप्प झाले, किंवा मिक्सरवर थाप मारली की आवाज येतो-जातो, तर संशय रिबन केबलवर. मिक्सर बंद करून प्रत्येक रिबनची दोन्ही टोकं सरळ ओढून काढा, क्लीनर लावा, पुन्हा नीट बसवा. काढण्याआधी मोबाईलने फोटो काढून ठेवा, कारण रिबन उलटी बसली तर खरोखरचं नुकसान होतं.

एवढं करूनही चॅनेल गप्पच असेल, तर आयसी. या मिक्सरमध्ये आवाज मोठा करणारे आठ पायांचे छोटे आयसी असतात, त्यांना ऑप-ॲम्प म्हणतात. नेहमीचे नंबर ४५५८, टीएल०७२ आणि एनई५५३२. या तिघांच्याही १ आणि ७ नंबरच्या पायांवर आवाज बाहेर पडतो. चॅनेल शांत असताना तिथे डीसी व्होल्टेज शून्याच्या आसपास हवं. प्लस किंवा मायनस पुरवठ्याला चिकटून बसलं असेल, तर तो आयसी किंवा त्याच्या लगतचा भाग गेलेला. शेजारच्या चांगल्या चॅनेलशी ताडून मगच इस्त्री तापवावी, म्हणजे डाग द्यायची.

स्प्रे मारला की खरखर जाते ना?

जाते, पण कुठला स्प्रे आणि किती, यावर सगळं आहे. बटणाच्या आत कार्बनचा एक अर्धगोल पट्टा असतो आणि त्यावरून धातूचं बोट फिरतं. या भागाला पॉट म्हणतात. पट्ट्यावर घाण बसली की बोट मधेच सुटतं आणि खरखर येते. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर हवा. सायकलची साखळी आणि गंजलेले नट सोडवायचा स्प्रे मारू नये. तो तेलाचा थर मागे ठेवतो, त्यावर नवी धूळ चिकटते आणि दोन-तीन महिन्यांत खरखर आधीपेक्षा वाढते.

क्लीनर पॉटच्या फटीतून थोडासाच सोडायचा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवायचं. नुसता वरून, पुढच्या पॅनेलवर फवारला तर तो आत पोचत नाही, उलट पॅनेलची अक्षरं पुसली जाऊ शकतात. फेडरच्या बाबतीत जपून. सरकताना जो मऊपणा जाणवतो तो आतल्या ग्रीसचा, आणि जास्त क्लीनर ते धुऊन टाकतो. फेडर काढून, उघडून, कापसाने पुसून, कडेच्या दांड्यांवर थोडं नवं ग्रीस लावणं हे जास्त वेळाचं पण खरं काम. कार्बनच्या पट्ट्यावर मात्र ग्रीस नको.

काही पॉट कितीही धुतले तरी खरखरतातच, आणि इथे लोक हात टेकतात. कारण तेव्हा दोष पॉटमध्ये नसतोच. पॉटच्या आधी एक कपॅसिटर असतो. आवाजाची हलती वीज पुढे जाऊ द्यायची आणि स्थिर डीसी अडवायची, हे त्याचं काम. तो गळायला लागला की डीसी पॉटपर्यंत पोचते आणि बोट सरकलं की ती खरखर होऊन ऐकू येते. चांगल्या आणि वाईट चॅनेलच्या पॉटवर डीसी मोजा, कळेल. तो एक कपॅसिटर बदलला की पॉट शांत होतो.

मग सगळेच कपॅसिटर आणि आयसी बदलून टाकले तर?

हा सल्ला फार जण देतात, आणि मला तो पटत नाही. डब्यासारख्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो, तो हळूहळू सुकतो, हे खरं. पण किती हळू, ते उष्णतेवर ठरतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट होतं. ८५ अंशांना २,००० तास टिकेल असा शिक्का असलेला कपॅसिटर वीजपुरवठ्यातल्या गरम पत्र्याशेजारी ६५ अंशांवर बसला, तर त्याचे ८,००० तास होतात. तोच चॅनेलच्या पट्टीवर ४५ अंशांवर असेल, तर ३२,००० तास. म्हणजे पुरवठ्यातले कपॅसिटर चॅनेलमधल्यांच्या कितीतरी आधी थकतात. तेवढे बदलावेत. नवे घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंशांचे बघून घ्यावेत. प्लस-मायनस उलटं झालं तर कपॅसिटर फुटतो.

चॅनेलमधले मात्र शेकड्याने असतात. प्रत्येकाचे दोन डाग काढायचे आणि दोन द्यायचे. जुन्या पट्ट्यांवरचा तांब्याचा पातळ थर जास्त उष्णतेने उचलला जातो, आणि चांगल्या चॅनेलमध्ये नवा बिघाड आपणच तयार करतो. फुगलेला, बुडाशी ओल दिसणारा किंवा मापात कमी भरणारा कपॅसिटर बदला, बाकीच्यांना हात लावू नका.

आयसींचंही तेच. टीएल०७२ काढून सगळीकडे एनई५५३२ बसवले की आवाज ‘सुधारतो’ असं सांगतात. एनई५५३२ चांगला आहे, पण तो जवळपास तिप्पट करंट खातो. मिक्सरमध्ये असे शंभर आयसी असले, तर पुरवठ्यावर सुमारे अर्ध्या अँपिअरचा जादा भार पडतो, आणि आधीच थकलेला पुरवठा आणखी तापतो.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. आयसीचा नंबर आणि कपॅसिटरचं माप लिहून फोटोसकट पाठवलं, तर गणपतीला येणारा कुणीही चाकरमानी खिशात घालून आणू शकतो.

एवढ्या खटाटोपापेक्षा डिजिटल घेतलेला बरा नाही का?

ज्यांना रोज वेगळ्या ठिकाणी वेगळा कार्यक्रम करायचा आहे, त्यांना नक्कीच बरा. सेटिंग साठवता येतं, एको आतच असतो, माईकची शिट्टी आवरायला जास्त साधनं असतात. पण एक पखवाज, एक पेटी, झांजा आणि तीन-चार माईक असलेल्या मंडळाला यातलं किती लागतं? ॲनालॉग मिक्सरवर प्रत्येक कामाला आपलं वेगळं बटण असतं, ते डोळ्यांना दिसतं. वाडीतल्या पोराला एका संध्याकाळी शिकवता येतं. आणि बिघडलं तर आतले भाग हाताने काढता-घालता येण्याइतके मोठे असतात, निदान सुट्या पायांच्या भागांच्या जुन्या मिक्सरमध्ये.

जुना मिक्सर ‘सूं’ करतो, ही तक्रार बरोबर आहे, पण तिचा मोठा भाग वापरणाऱ्याच्या हातात आहे. सोळा चॅनेल एकसारखे उघडे ठेवले, तर त्यांचा सूं एका चॅनेलच्या चौपट होतो. चारच माईक असतील तर बाकीचे फेडर पूर्ण खाली घ्या.

कुठला मिक्सर घेऊच नये?

वेगळा वीजपुरवठा असलेला आणि तो पुरवठा हरवलेला मिक्सर घेऊ नये. पट्ट्यांवर हिरवी बुरशीसारखी गंज सगळीकडे पसरलेली असेल, तर तांब्याचे थरच खाल्ले गेलेत. आणि पुरात बुडालेला मिक्सर सांगितल्याशिवाय विकला जाऊ शकतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा कितीतरी दुकानांतली यंत्रं गाळाखाली गेली. आत कोपऱ्यांत, ट्रान्सफॉर्मरच्या तळाशी बारीक गाळाची रेघ दिसली, तर ओळखायचं. स्वतःचाच मिक्सर बुडाला असेल तर गोष्ट वेगळी. तो चालू करून न बघता उघडा, गाळ सुकायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि कित्येक दिवस पूर्ण वाळू द्या. ट्रान्सफॉर्मरची तपासणी झाल्याशिवाय वीज लावू नका.

दुरुस्त झालेला मिक्सर पडवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत ओल कोंडते. सुती कापड टाका, किंवा हवाबंद पेटीत सिलिका जेलच्या पिशव्यांसकट ठेवा, आणि पिशव्या ओल धरल्या की तापवून सुकवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, म्हणजे आतल्या उबेने ओल निघते. चालू असतानाच सगळी बटणं आणि फेडर दोन-चार वेळा फिरवा, आणि इन्सर्टच्या जॅकमध्येही एकदा पिन घालून काढा.